पहिला आला तो का हरला? वाचकांचे प्रश्न, सर्व्हर सांभाळणारीची उत्तरं

गेल्या अंकात मी बंद पडलेल्या सोशल साइट्सबद्दल चार ओळी लिहिल्या आणि या वेळची बहुतेक पत्रं त्यावरच आली. आधीच सांगते, मी उमेदीची वर्षं वेब कंपन्यांत डेटाबेस सांभाळण्यात घालवली. संस्थापक व्यासपीठावर काय बोलले यापेक्षा त्या रात्री सर्व्हर का बसला, हे मला जास्त आठवतं. माझी उत्तरं त्याच बाजूने झुकलेली असतात.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेसबुकच्या आधी फ्रेंडस्टर होतं आणि त्याच्याही आधी काहीतरी होतं, असं वाचलं. कल्पना त्यांची, संधी त्यांना आधी मिळालेली, गुंतवणूकदारही होते. मग ते बुडाले कसे?
– एक विद्यार्थिनी

‘त्याच्याही आधीचं’ म्हणजे सिक्सडिग्रीज. १९९७ मध्ये अँड्र्यू वाइनराइख यांनी ते सुरू केलं. स्वतःचं प्रोफाइल, मित्रांची यादी आणि ओळखीच्या ओळखीतून पुढे पोहोचणं, हा आजचा सांगाडा तेव्हाच उभा होता. फक्त ज्यांना जोडायचं ते लोकच इंटरनेटवर पुरेसे नव्हते. नोंदणी केली की करायचं काय, हा प्रश्न उरायचा. डिजिटल कॅमेरे अजून घराघरांत पोहोचले नव्हते, त्यामुळे बघायला फोटोही नाहीत. कंपनी साडेबारा कोटी डॉलरना विकली गेली आणि लवकरच बंद पडली. तिचं पेटंट मात्र २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस यांनी ७ लाख डॉलरना उचललं. पुढे हॉफमन लिंक्डइनचे आणि पिंकस झिंगा या ऑनलाइन खेळांच्या कंपनीचे म्हणून ओळखले गेले. मेलेल्या कंपनीच्या कागदांना किती भाव असतो, ते त्यांना कळलं होतं.

फ्रेंडस्टरची गोष्ट वेगळी. तिथे माणसं आली, आणि तीच अडचण झाली. जोनाथन एब्रम्स यांनी ते २००३ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि काही महिन्यांत लाखो लोक जमले. गूगलने त्याच वर्षी ३ कोटी डॉलर देऊ केले, ते एब्रम्स यांनी नाकारले. बरेच जण इथेच थांबून ‘हीच चूक’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. खरा घोळ पानाच्या आत होता.

फ्रेंडस्टरवर कुणाचंही प्रोफाइल उघडलं की तुम्ही त्या माणसाशी कोणकोणत्या ओळखींतून जोडलेले आहात, ते चार पायऱ्यांपर्यंत दाखवलं जायचं. दिसायला फार गोड, पण आता कागद घेऊन बस. तुला १०० मित्र आहेत आणि त्या प्रत्येकाला १००, म्हणजे दुसऱ्या पायरीवर १० हजार. तिसऱ्या पायरीवर १० लाख. चौथ्यावर १० कोटी. पुष्कळ नावं पुन्हा पुन्हा येतात, हे धरूनही आकडा अंगावर येतो. हा हिशोब पान उघडताना करायचा, तोही २००३ च्या सर्व्हरवर. आधीच करून ठेवावा म्हटलं तर तेही कठीण, कारण दोन अनोळखी माणसांनी कुठेतरी मैत्री केली की हजारो इतर जोड्यांमधलं अंतर बदलतं. परिणाम असा की पान उघडायला कधी कधी अर्धा-पाऊण मिनिट लागायचं. अर्ध्या मिनिटात माणूस मित्राला सोडून देत नाही, साइटला देतो.

आता फेसबुक बघ. ४ फेब्रुवारी २००४ रोजी ते एकाच विद्यापीठासाठी सुरू झालं. मग दुसरं कॉलेज, तिसरं कॉलेज, आणि प्रत्येक कॉलेजसाठी डेटाबेस वेगळा. तुमचे मित्र बहुतेक तुमच्याच कॉलेजातले, त्यामुळे शोधाशोध त्या छोट्या डेटाबेसच्या आत संपायची. नवीन कॉलेज जोडायचं तर आधी सर्व्हर तयार करायचे, मग दार उघडायचं. ‘आमच्या कॉलेजात कधी येणार?’ म्हणून लोक वाट बघत राहिले आणि त्यातून दबदबाही वाढला. याला मार्केटिंगची हुशारी म्हणतात. मला त्यात आधी डेटाबेसवाल्याची हुशारी दिसते. सगळ्यांना एकदम आत न घेतल्याने सगळं चालू राहिलं.

फ्रेंडस्टरचं आणखी एक दुखणं होतं. लोकांनी तिथे कुत्र्यांची, शहरांची, काल्पनिक पात्रांची प्रोफाइलं काढली, कारण त्यात मजा होती आणि त्या निमित्ताने एकमेकांशी जोडताही यायचं. कंपनीला हे खपलं नाही. ‘खरी माणसंच हवीत’ म्हणून तिने ती प्रोफाइलं धडाधड उडवली. चिडलेली गिऱ्हाईकं शेजारी गेली. शेजारी म्हणजे मायस्पेस ही दुसरी सोशल साइट. तिथे बँड, गायक, टोपणनावं, काहीही चालायचं. प्रोफाइलच्या चौकटीत एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणारा कोड, टाकता येत होतं, हे तर मुळात नजरचुकीने राहून गेलेलं भोक. पण लोक त्यातून पानं सजवू लागले, तसं मालकांनी ते बुजवलं नाही. त्याची किंमतही त्यांनी मोजली. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर नावाच्या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये छोटी स्क्रिप्ट, म्हणजे पान उघडताच आपोआप चालणारा प्रोग्राम, ठेवली. जो कुणी ते पान बघेल, तो आपोआप सॅमीचा मित्र व्हायचा आणि ती स्क्रिप्ट त्याच्या पानावर चढायची. एका दिवसाच्या आत सॅमीकडे १० लाखांवर मित्र झाले आणि मायस्पेसला साइट काही काळ बंद करावी लागली. ती बातमी आली तेव्हा लोक जिथे मजकूर भरतात अशा आमच्या कंपनीतल्या प्रत्येक इनपुट बॉक्सची आम्ही झडती घेतली होती. जे सापडलं ते इथे लिहीत नाही.

माझ्याकडे एका ॲपची जबरदस्त कल्पना आहे. कुणी चोरेल म्हणून अजून कुणालाच सांगितलेली नाही. आधी पेटंट घेऊ की गुंतवणूकदाराला भेटू?
– गुप्त राहू इच्छिणारा

तुमची कल्पना चोरायला कुणाला सवड नाही, आणि चोरली तरी पहिल्या सहा महिन्यांत तिचं रूप ओळखू येणार नाही इतकं बदलेल. कुणाचं बदललं नाही ते सांगा! फ्लिकर हा एका ऑनलाइन खेळातून सुटलेला तुकडा. खेळ तयार करणाऱ्या स्टुअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक यांनी २००४ मध्ये खेळ बाजूला ठेवला आणि फोटो वाटायची सोय तेवढी चालवली. बटरफिल्ड यांनी पुढे पुन्हा एक खेळ काढला. तोही बंद करावा लागला, पण त्यावर काम करताना टीमने आपसांत बोलण्यासाठी केलेली यंत्रणा ‘स्लॅक’ म्हणून बाजारात आली. यूट्यूबच्या मंडळींच्या डोक्यात आधी जोडीदार शोधण्याची साइट होती. ट्विटर निघालं ओडिओ नावाच्या पॉडकास्ट कंपनीतून. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्येच पॉडकास्ट आणले आणि ओडिओच्या पायाखालची जमीन गेली. इन्स्टाग्राम आधी ‘बर्बन’ होतं. कुठे आहात ते सांगा, बेत ठरवा, फोटो टाका असं त्यात सगळंच कोंबलेलं. केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी पाहिलं की लोक फोटो सोडून बाकी कशाला हात लावत नाहीत. मग त्यांनी उरलेलं कापून टाकलं.

म्हणून दहा जणांना कल्पना सांगा आणि ती वापरताना ते काय वगळतात ते बघा. पेटंटचे पैसे सर्व्हरच्या भाड्याला ठेवा.

ज्या कंपनीला एक पैसा नफा नाही, तिला अब्जावधी डॉलर कोण आणि का देतं? मी आयुष्यभर हिशोब शिकवले, पण हा हिशोब मला लागत नाही.
– एक निवृत्त शिक्षक

सर, हिशोब आहे, फक्त तो एका कंपनीचा नाही. साहस भांडवल (व्हेंचर कॅपिटल) गुंतवणारा फंड अनेक कंपन्यांत पैसे घालतो. बहुतेक बुडणार, हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. एखादीने सगळ्यांची भरपाई करावी एवढीच अपेक्षा. पीटर थील यांनी २००४ मध्ये फेसबुकमध्ये ५ लाख डॉलर घातले आणि सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. पुढे नवे गुंतवणूकदार आले तसा तो हिस्सा टक्केवारीत घटला. पण २०१२ च्या मे महिन्यात कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचं मोल १०० अब्ज डॉलरच्या वर होतं. असा एक दाणा लागला की उरलेली नापिकी फंडाला जाणवत नाही.

दुसरी बाब खर्चाची. १९९९ मध्ये वेब कंपनी काढायची तर महागडी यंत्रं आणि परवान्याची सॉफ्टवेअरं विकत घ्यावी लागायची. नंतर लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी ही फुकट मिळणारी चौकडी रुळली. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणूक वापरेल तेवढी आणि सर्व्हर तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याआधी नवीन सर्व्हर म्हणजे मागणीपत्र, मंजुरी, खोकं येण्याची वाट, मग रॅकमध्ये बसवणं. त्यानंतर तेच काम चहा थंड व्हायच्या आत होऊ लागलं. चार पोरं आणि दोन लॅपटॉप एवढ्यावर प्रयोग करता येऊ लागला, तेव्हा प्रयोगांची संख्या वाढणारच.

आणि मोठ्या कंपन्या छोट्यांना एवढी रक्कम देतात ती त्यांच्या उत्पन्नासाठी नाही. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्रामसाठी १०० कोटी डॉलर कबूल केले, तेव्हा तिथे १३ माणसं कामाला होती आणि उत्पन्न शून्य. पण ३ कोटी लोक तिथे फोटो टाकत होते, तेही फोनवरून, आणि फोनवर फेसबुक तेव्हा लंगडं होतं. उद्याचा प्रतिस्पर्धी आज विकत घेतला, असा तो व्यवहार. व्हॉट्सॲपचंही तसंच. फेब्रुवारी २०१४, १९०० कोटी डॉलर, ५५ माणसं, ४५ कोटी वापरणारे. तिथे जाहिरात नव्हती आणि वर्षाला एक डॉलर घ्यायची योजना होती. ब्रायन ॲक्टन आणि यान कूम हे दोघे संस्थापक जाहिरातींचे कट्टर विरोधक. विकल्यानंतर काही वर्षांत दोघेही बाहेर पडले. ॲक्टन यांनी मग ५ कोटी डॉलर घालून सिग्नल फाउंडेशन उभं करायला मदत केली. पैसे घेतले तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना दिसत नव्हतं, असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा मनाने चांगले.

पैसे आल्यावर काय बिघडतं, तेही सांगायला हवं. न्यूज कॉर्पने २००५ मध्ये मायस्पेसची मूळ कंपनी ५८ कोटी डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी गूगलने मायस्पेसवरच्या जाहिरातींसाठी ९० कोटी डॉलर द्यायचं ठरवलं, पण ठरावीक ट्रॅफिक, म्हणजे लोकांची वर्दळ, दाखवण्याच्या अटीवर. अट पुरी करायची तर जास्त पानं उघडली जायला हवीत आणि जास्त जाहिराती दिसायला हव्यात. मग जे काम एका क्लिकमध्ये होईल ते चार क्लिकमध्ये करायचा मोह होतो. फेसबुक त्याच काळात क्लिक कमी करत होतं. २०११ मध्ये मायस्पेस साधारण साडेतीन कोटी डॉलरना विकलं गेलं.

मी एका कंपनीत होते, तिथे भिंतीवरच्या पडद्यावर एकच आकडा झळकायचा, आजवर नोंदणी केलेल्यांचा. तो कधीच खाली येत नाही, येणार कसा? ‘यातले गेल्या आठवड्यात परत किती आले?’ असं मी विचारलं की बैठक आटोपती घेतली जायची. गुंतवणूकदार आले की तोच पडदा त्यांना दाखवायचे. तुम्ही हिशोब शिकवलेत ना, सर, तर हा पडदा तुमच्या लक्षात राहील.

ऑर्कुटवर माझे कॉलेजचे सगळे स्क्रॅप होते. ते कुठून परत मिळतील का? फार आठवण येते.
– एक जुनी ऑर्कुटवाली

नाही मिळणार. गूगलची सोशल साइट ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली, आणि मित्रांनी पानावर लिहिलेले निरोप, म्हणजे स्क्रॅप, तिच्याबरोबर गेले. आपली माहिती उतरवून घ्यायला गूगलने त्यानंतर दोन वर्षांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली.

तुम्ही एकट्या नाही. याहूने २००९ मध्ये फुकट वेबपानं करू देणारं जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेने केलेली लाखो पानं पुसली गेली असती. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी दिवसरात्र उतरवून घेतली म्हणून त्यातली बरीच वाचली. मायस्पेसवर तर साइट चालू असतानाच सर्व्हर हलवण्यात २०१५ पर्यंतची गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. २०१९ मध्ये कंपनीने ते कबूल केलं. कित्येक हौशी गायकांकडे दुसरी प्रतच नव्हती.

आज जिथे आहात तिथून ‘डाउनलोड युवर इन्फर्मेशन’ किंवा तसं काही बटण शोधा आणि वर्षातून एकदा सगळं आपल्या डिस्कवर उतरवा. सेटिंगमध्ये खोल दडवलेलं असतं, पण असतं.

पूर्वी मित्रांचं बघून झालं की साइट बंद करायचो. आता बोट थांबत नाही, आणि मित्र तर त्यात दिसतच नाहीत. हे केव्हापासून असं झालं?
– दोन मुलांची आई

तारीखच देते. ५ सप्टेंबर २००६. त्या दिवसापर्यंत फेसबुकवर कुणाचं काय चाललंय हे बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागे. त्या दिवशी न्यूज फीड आलं आणि सगळ्यांच्या हालचाली एका पानावर येऊन पडल्या. प्रचंड आरडाओरड झाली. लाखो विद्यार्थी निषेधाच्या ग्रुपमध्ये गेले. गंमत अशी की तो ग्रुप इतक्या वेगाने पसरला तो न्यूज फीडमुळेच, कारण ‘तुमचा मित्र निषेधात सामील झाला’ हीसुद्धा बातमी फीडमध्ये येत होती. मार्क झुकरबर्ग यांनी शांत व्हा, श्वास घ्या, आम्ही ऐकतोय असं लिहिलं, गोपनीयतेच्या काही सोयी दिल्या, आणि फीड तसंच ठेवलं. कारण आत आकडे दिसत होते. लोक ओरडत होते आणि आधीपेक्षा जास्त वेळ थांबत होते.

माझ्या मते आमच्या सगळ्या धंद्याने त्या आठवड्यात एक घातक धडा घेतला. लोक काय म्हणतात ते ऐकू नका, काय करतात ते मोजा. फ्रेंडस्टरला हाच धडा हवा होता. तो मिळाला नाही म्हणून ते गेलं. पण मोजायचंच ठरवलं की मग मोजता येतं तेच वाढवलं जातं. थांबलेला वेळ मोजता येतो. बंद करताना वाटलेला पश्चात्ताप मोजायला रकाना नसतो.

बाकीचं हळूहळू आलं. पानाचा शेवटच काढून टाकणारी न संपणारी स्क्रोल ॲझा रास्किन यांनी २००६ च्या सुमारास बनवली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकचं ‘लाइक’ २००९ चं. ट्विटर आणि इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये वेळेच्या क्रमाऐवजी ‘तुम्हाला आवडेल’ असा क्रम लावायला घेतला. नंतर टिकटॉकने दाखवून दिलं की मित्रांची यादी नसली तरी चालतं. तुम्ही कशावर किती सेकंद थबकलात एवढं कळलं की पुरे. तेव्हापासून बाकीच्यांनीही मित्र मागे सारले. तुमचे मित्र दिवसातून दोनदा काहीतरी टाकणार, अनोळखी लोक क्षणाक्षणाला टाकतात. फीडला माल हवा.

इन्स्टाग्रामवर वरच्या नावावर टिचकी मारली की ‘फॉलोइंग’ असा पर्याय मिळतो. त्यात फक्त तुमची माणसं, वेळेच्या क्रमाने. पुन्हा उघडलं की ते आपलं जुनं रूप घेतं. तो योगायोग नाही.

आम्ही एकाच छंदाची काही शे मंडळी आहोत. बड्या कंपन्यांच्या ग्रुपवर पोस्ट हरवतात. स्वतःचं छोटं सोशल नेटवर्क काढण्यात आज काही अर्थ आहे का, आणि सर्व्हर कोणता घ्यावा?
– एक छांदिष्ट

सगळ्या जगासाठी काढणार असाल तर नका काढू. गूगलने २०११ मध्ये गूगल प्लस आणलं. पैसा, इंजिनिअर, सर्व्हर, कशाचीच वाण नव्हती. २०१८ मध्ये ते बंद करायचं जाहीर करताना त्यांनीच सांगितलं की १०० पैकी ९० वेळा माणूस ५ सेकंदही टिकत नव्हता. उलट मेटाचं, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीचं, थ्रेड्स २०२३ च्या जुलैमध्ये ५ दिवसांत १० कोटींवर गेलं, कारण इन्स्टाग्रामचं खातं आणि ओळखी घेऊनच लोक आत आले. रिकाम्या खोलीत पहिला कोण बसणार, ही अडचण त्यांना आलीच नाही. दुवे वाटून चर्चा करायची साइट रेडिट सुरू झाली तेव्हा तर संस्थापक स्वतःच वेगवेगळ्या नावांनी दुवे टाकत बसायचे, वर्दळ दिसावी म्हणून.

तुमच्याकडे काही शे माणसं आहेत आणि त्यांना एकमेकांशी बोलायचंही आहे. ही अवघड बाजू तर तुमची झालेली आहे. मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क चालवायचं फुकट सॉफ्टवेअर २०१६ पासून आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चढवता येतं, आणि ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीमुळे दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशीही ईमेलसारखं बोलता येतं. तेवढंही नको असेल तर साधं फोरमचं, म्हणजे चर्चेच्या फळ्याचं, सॉफ्टवेअर घ्या. पोस्ट हरवत नाहीत, कारण त्या विषयवार राहतात.

सर्व्हरचं विचारलंत. भाड्याचा, लहानात लहान घ्या. काही शे लोकांना तो भरपूर होतो, आणि पुढे वाढवता येतो. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ग्रुपच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्या. एका उत्साही सदस्याच्या नावावर घेतलं तर तो भांडून जाताना पत्ताच घेऊन जातो. तक्रारी रोज बघणारी दोन माणसं सुरू करण्याआधी ठरवा, तांत्रिक माणूस त्यांच्यानंतर शोधला तरी चालेल. बॅकअप रोज, आणि तो दुसऱ्या कंपनीच्या जागेत. महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर खरोखर चढवून बघा, आणि साइट उघडली की जुन्यातल्या जुन्या पोस्टवर जाऊन तिच्यातला फोटो दिसतो का ते तपासा. मजकूर बहुधा येतो, फोटोंचा फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचा राहिलेला असतो.